माळापल्याडचा माळ

क्रांतीने गाडीतून बॅग उतरवली, चिवड्याचा डबा उतरवला, सासूसाठी आणलेले पांढरे बूट उतरवले. घोंगडी मात्र मागच्या सीटवर पिशवीतच राहू दिली आणि वर आपली शाल टाकली.

"ती पण घे की," रविराज म्हणाला.

"घेते मागनं. तुम्ही व्हा पुढं."

इस्लामपूर ते आटपाडी एवढ्या वाटेत तिने नवऱ्यालाही काही सांगितले नव्हते. सांगायला तोंड उघडायची आणि उसाच्या ट्रॅक्टरकडे बघत गप्प व्हायची.

दसरा झाला होता. माळावरचे गवत पिवळे पडू लागले होते आणि घरापुढच्या बाभळीखाली घोड्यांच्या पाठीवरची गोणपाटे उन्हात टाकली होती. सिद्धूचा वाडा आता हलणार होता. या घरात वाडा म्हणत ते भिंतींना नव्हे. सात-आठ बिऱ्हाडे, त्यांची मेंढरे, घोडी, कुत्री, घोडीच्या पाठीवर लहान पोरांशेजारी बांधलेल्या कोंबड्या, हे सगळे मिळून दसऱ्यानंतर कृष्णाकाठाकडे चालू लागते आणि पावसाच्या तोंडावर माघारी येते, तो वाडा. रविराजचा बाप ज्योतिबा होता तोवर तो पुढारी. तो गेल्यावर थोरला सिद्धू. धाकटा रविराज शिकून इस्लामपूरला मास्तर झाला. घरामागे आता डाळिंबाची बाग होती, बांधाला पाणी आले होते, तरी सिद्धूने आणि त्याच्या बायकोने, मंगलने, मेंढरे सोडली नव्हती.

वाडा हलायच्या आधी घर असे एकत्र बसायचे आणि वाट ठरायची. यंदा वाटा दोन ठरवायच्या होत्या. एक नेहमीची. दुसरी ऑस्ट्रेलियाची.

सृष्टी तिथल्या कोरड्या मुलखात मेंढ्यांच्या चाऱ्याचा अभ्यास करत होती. पोर सिद्धू-मंगलची. पण सहा वर्षांची झाली तेव्हा शाळेसाठी तिला इस्लामपूरला काका-काकूकडे ठेवले. फिरत्या वाड्यातल्या पोरांना शाळा मिळायची ती अशीच. बारावीपर्यंत ती तिथेच राहिली. क्रांतीला ती मम्मी म्हणते, मंगलला आई. आता तिने फोनवर सांगितले होते, "आजी येणारच. आणखी एकीचं तिकीट काढते. दुसरं कोण, ते तुम्ही ठरवा."

तेच आज ठरवायचे होते.

बयाबाई ओट्यावर पाय लांब करून बसली होती. नव्या बुटात पाय घालून तिने तो इकडेतिकडे फिरवून बघितला.

"ह्ये घालून चालू व्हय मी? पायाला खालचं रान कळायचं कसं?"

"आये, तिथं लाल माती आहे, काटे आहेत, साप आहेत," रविराज म्हणाला. "आणि विश्वजितनं जैसलमेरहून कळवलंय, वाळवंटात बुटाशिवाय पाऊल टाकायचं नाही म्हणून."

"त्येला म्हनावं, तू बंदूक सांबाळ. आजीचं पाय आजी सांबाळंल."

विश्वजित म्हणजे रविराज-क्रांतीचा मुलगा, सैन्यात. आपण वाळवंटात नोकरीला असल्याने या बाबतीत शेवटचा शब्द आपला, असे तो धरून चालला होता.

रविराजने फोनवर नकाशा उघडून आईपुढे धरला. "इथं अॅडलेडला उतरायचं. सृष्टी गाडी घेऊन येणार. मग उत्तरेला सहा-सात तास."

"मधी गावं किती?"

"सुरुवातीला दोन-तीन. नंतर काहीच नाही."

"काईच न्हाई म्हंजी?"

"माळ. ती राहते ते रान एकाच मालकाचं. आपल्या आटपाडी तालुक्याएवढं."

"आन् ऊस?"

"नाही."

"जोंधळा? मका?"

"काही नाही. फक्त मेंढ्या."

बयाबाईने बूट काढून बाजूला ठेवला. तिची सारी हयात दुसऱ्याच्या बांधावरून चालण्यात गेली होती. मेंढरांच्या लेंड्यांचे खत हवे म्हणून लोक त्यांना रानात बसवून घ्यायचे, आणि त्याच मेंढरांनी शेजारच्याच्या पिकात तोंड घातले की काठी घेऊन यायचे. कडेगावच्या शिवारात एकदा एका कोकराने मक्याची चार पाने खाल्ली, तर भर चौकात तिने हात जोडले होते. सिद्धू तेव्हा तिच्या पाठीला झोळीत होता.

"म्हंजी मेंढरू कुनाच्या रानात शिरलं म्हनून तितं कोन शिव्या घालत न्हाई?"

"शिरायला दुसऱ्याचं रानच नाही, आये."

"आरं बिरोबा!" बयाबाई म्हणाली. "मग ती मानसं येकमेकांशी बोलत्यात तरी काय?"

सिद्धू एवढ्याने हसला की कुत्रे उठून बसले. क्रांतीही हसली, पण तिचे लक्ष गाडीकडे होते.

हसणे ओसरल्यावर रविराजने घसा साफ केला. मास्तरकीत त्याला सवय लागली होती, अवघड गोष्ट आधी गोड आवाजात सांगायची. "आये, एक सुचवू? तुझं वय बघता एवढा प्रवास... तू थांबलीस आणि या दोघीच गेल्या, तर प्रश्नच मिटतो."

सगळ्यांनी बयाबाईकडे पाहिले. घरातल्या म्हाताऱ्या बाईने अशा वेळी काय म्हणायचे असते ते सगळ्यांना ठाऊक होते. बयाबाईलाही होते.

"मी न्हाई थांबायची," ती म्हणाली. "चांगलं गवत दिसलं की आदी दुसऱ्यांची मेंढरं सोडायची, आपली मागनं. का, तर तुजा बा पुढारी! जल्मभर सोडलं. आता येवढा माळ मला सोता बगायचाय. माज्या जागंवर कुनी नजर ठेवू नगा."

क्रांतीला वाटले, उठून या बाईच्या पाया पडावे. आपल्या आईला, आत्याला, कुणालाच तिने असे "मला पाहिजे" म्हणताना ऐकले नव्हते.

"मग एकच जागा उरली," रविराज हळूच म्हणाला. "आणि दादा, राग मानू नको. मधे विमान बदलायचं असतं, फॉर्म भरायचे असतात. आयेला वाचून दाखवणारं कुणी नको का?"

"क्रांतीच जाऊ दे," मंगल लगेच म्हणाली. ती दाराच्या उंबऱ्याशी बसली होती, सूत काढायची चकली मांडीवर फिरवत. "वाडा हलायच्या वक्ताला मी कशी जाऊ? पुढल्या घोडीची दोरी कोन धरंल?"

"वाड्यातली भामाबाई धरंल की," सिद्धू म्हणाला.

मंगलने नवऱ्याकडे असे पाहिले की तो तंबाखूची डबी शोधू लागला. पण माघार घेतली नाही त्याने. "रव्या, फारमाचं मला सांगू नगंस. पोटची पोर हाय तिची."

"दादा, पोटची कुणाची, हा विषयच नाही—"

"मग कंचा इशय हाय?"

"ए!" बयाबाईने चकलीकडे बोट केले. चकली थांबली होती. "मंगल. तुला जायाचं न्हाई, का तुज्यानं जाववत न्हाई?"

चहा ठेवते म्हणून मंगल आत गेली.

चुलीपुढे बसून तिने उगाच राख सारली. पासपोर्टच्या वेळी तिच्या बोटांचे ठसे उमटत नव्हते, दोरीने आणि सुताने पार झिजले होते. तिथल्या पोरीने तिचा हात पुन्हा पुन्हा पुसून दाबला तेव्हा मंगलच्या मनात आले होते, नाही उमटले तर बरे. विमानाची भीती नव्हती तिला. पुरात घोडी पार केलेली बाई ती. भीती होती ती लेकीच्या घरात तीन आठवडे बसायची. सकाळी तिला चहा लागतो का दूध, झोपताना दिवा लागतो का अंधार, काही माहीत नाही. सारे क्रांतीला माहीत. पोटच्या पोरीला आईने पाहुण्यासारखे विचारायचे, बाई गं, तुला काय आवडतं? आणि बोलून झाले की मग काय बोलायचे? आजवर दोघी भेटल्या त्या सणावाराला, चार माणसांत. चार माणसे बोलत, त्या दोघी हसत.

बाहेरून सिद्धूचा आवाज आला. "क्रांती, घोंगडी आनलीस न्हवं? साफ झाली का?"

मंगल कपबशा घेऊन बाहेर आली तेव्हा क्रांती गाडीकडून पिशवी घेऊन येत होती.

ती घोंगडी मंगलची होती. काळ्या कोकरांचे जावळ, म्हणजे पहिल्या कातरणीची मऊ लोकर, तिने बाजूला काढून ठेवली होती. चालता चालता सूत काढले होते, सनगराकडून विणून घेतली होती, चिंचोक्याची खळ देऊन. सृष्टीला द्यायची म्हणून. पण सृष्टीने बजावले होते, त्या देशात लोकरीत एक बी, एक कुसळ, लेंडीचा एक कण दिसला तरी विमानतळावर अडवतात. म्हणून क्रांतीने हौसेने ती इस्लामपूरला नेली होती. चष्मा लावून, सुईने, एकेक कुसळ तिने काढले होते.

क्रांतीने पिशवी उघडली आणि सगळ्यांसमोर घोंगडी अंथरली.

ओट्यावर ती जेमतेम अर्ध्यात संपली. कडा आखडून वळल्या होत्या, अंग जाड, दाबलेल्या लोकरीच्या नमद्यासारखे झाले होते.

"कुसळं सगळी निघाली होती," क्रांती म्हणाली. "तरी म्हटलं, बारीक काही राहिलं असेल. म्हणून मशीनला लावली. गरम पाण्यात."

"गरम—" सिद्धू उठून उभाच राहिला. "आगं, धनगराच्या घरची सून तू! लोकरीला कुनी..."

"दादा, तिनं मुद्दाम केलं नाही."

"मी म्हनलो का मुद्दाम? म्हनलो का आये?"

"तुमी दोगं आदी बसा," बयाबाई म्हणाली.

मंगल खाली बसली. तिने घोंगडीवरून हात फिरवला, कड बोटात धरून ताणली, मग नाकाला लावली. चिंचोक्याचा वास गेला होता, मेंढराचा गेला होता. साबणाचा येत होता. तिने हाताने लांबी मोजली.

"पाच-सा वर्साच्या पोरीच्या अंगाला बसंल," ती म्हणाली.

तिने टोमणा म्हणून म्हटले नव्हते. मापच तसे होते. पण शब्द बाहेर पडल्यावर तिला ते ऐकू आले, आणि क्रांतीलाही आले.

क्रांतीचे डोळे भरून आले. "अक्का, मला चार शिव्या द्या. बरं वाटेल मला."

"कशापायी?" मंगलने घोंगडी उलटी केली, पुन्हा सुलटी केली. "कुसळ तर येक न्हाई ठेवलंस."

बयाबाईच्या पोटातून हसू उसळले. "त्ये मातुर खरं हाय. त्यो गोरा सायेब दुर्बीन घिऊन बसला तरी त्येला काय घावायचं न्हाई!"

मंगल हसली. मग क्रांतीही, डोळे पुसत.

तेवढ्यात रविराजचा फोन वाजला. सृष्टीच होती. क्रांतीने घोंगडी चटकन ओढून पाठीमागे घेतली.

तिकडे उन्हे कलली होती. पोरीच्या मागे लाल जमीन दिसत होती, तांबड्या गेरूसारखी, आणि तिच्यावर राखाडी झुडपे. मग जमीन संपून आभाळ. मधे काही म्हणजे काहीच नव्हते. बयाबाईने फोन हातात घेतला आणि डोळ्यांजवळ नेला.

"आरं, काय हाय गं ह्ये! कडाच न्हाई की!"

"ही तर परसदारची बाजू आहे, आजी. ठरलं का तुमचं?"

बयाबाईने मंगलकडे पाहिले, मग क्रांतीकडे. सृष्टीला ते कळले असावे. तिने घाईने विचारले, "आई कुठंय? मला तिला एक विचारायचंय."

मंगल फोनपुढे आली. पदर सारखा केला.

"आई, तू मेंढरांना हाक कशी मारायचीस गं? इथं मेंढ्यांमागं कुणी चालत नाही, मोटारसायकलवरून हाकतात. मी काल कुंपणापाशी उभी राहून मारली हाक. सगळे हसले. पण मेंढ्यांनी माना वर केल्या, खरंच! आल्या मात्र नाहीत. शेवटाला काहीतरी होतं ना? हे बघ..." तिने जीभ टाळ्याला लावून एक लांब थरथरता आवाज काढला, आणि तो मध्येच मोडला.

क्रांतीच्या हातातली घोंगडीची कड सुटली. इस्लामपूरच्या घरात पोर बारा वर्षे होती. पाढे म्हटले, भाषणे पाठ केली, न्हाणीघरात गाणी म्हटली. हा आवाज तिने कधी काढला नव्हता. कुणासाठी काढणार, दुसऱ्या मजल्यावर? पण तो तिच्यात होता. घरात यायच्या आधीपासून होता, आणि समुद्रापलीकडच्या रानात उभी राहिल्यावर वर आला.

"शेवटाला वडायचं असतंय," मंगल हळू म्हणाली. "असं... न्हाई, फोनात न्हाई व्हायचं. लाज वाटती बया."

"मार की," बयाबाई म्हणाली. "हितं कोन परकं हाय?"

मंगल उठली. ओट्याच्या टोकाला जाऊन उभी राहिली, एक हात कानामागे धरला, आणि तिने हाक मारली. आधी जिभेची लांब थरथर, मग खालून वर चढत गेलेला सूर, आणि शेवटी तो तुटायच्या आत हळूच आपल्याकडे ओढून घेतलेला. दुष्काळाच्या वर्षी खंबाटकीच्या अंगाला वाट चुकलेले मेंढरांचे अर्धे खांड या हाकेने माघारी आले होते. ज्योतिबा म्हणायचा, माझी मेंढरे माझी नव्हेत, सुनेच्या गळ्याची आहेत.

बाभळीपलीकडे जाळीच्या वाघरीत मेंढरे बसली होती. ती उठली. वाघरीचा एक खुंट निघाला, मग दुसरा, आणि पुढच्या क्षणी सबंध खांड अंगणात होते.

"आगं आगं आगं!" सिद्धू धावला. "रव्या, दार लाव! डाळिंबं!"

कुत्री भुंकत सुटली. गोणपाटे तुडवली गेली, कपबशा गेल्या. एका मेंढीने चिवड्याच्या डब्यात तोंड घातले ते डब्यासकट वर काढले. बयाबाईचा एक बूट कुठे गेला तो गेला. ती मात्र फोन छातीशी धरून ओट्यावर हसत बसली होती, आणि फोनातून पोर ओरडत होती, "काय झालं? मला दाखवा की! आई! आई, परत मार!" आणि त्यातच फोन बयाबाईच्या हातून निसटून कुणाच्या तरी खुराखाली गेला.

मेंढरे पुन्हा वाघरीत घालेपर्यंत सगळे घामाघूम झाले. रविराजच्या पँटीला लेंड्या लागल्या होत्या. काच तडकलेला फोन त्याने पुसून खिशात ठेवला.

क्रांतीने पायरीवर बसून श्वास घेतला. बोलायचे ते तिने उठायच्या आतच बोलून टाकले, नाहीतर नंतर जमले नसते.

"अक्का जाणार. दुसरं काही ठरवायचं नाही. फॉर्म मी इथंच भरून देते, सिंगापूरला विमान बदलताना कुठं वळायचं ते चित्र काढून देते."

"आगं पन तू—"

"मी बारा वर्षं बघितलीय तिला, अक्का. माझं पोट भरलंय." मग प्रामाणिकपणे म्हणाली, "नाही भरलं. पण तुमचं तर उपाशीच आहे."

सिद्धूने मान खाली घातली. मघाशी आपण हिला काय बोललो, ते त्याला आठवले असावे.

बयाबाईने धाकट्या सुनेला हाताने जवळ बोलावले आणि तिच्या डोक्यावर हात ठेवला. "क्रांते, रव्याच्या शाळंला दिवाळीची सुट्टी हाय न्हवं? आमी तितं तवर मंगलच्या घोडीची दोरी तू धर."

"मी?" क्रांती घाबरलीच. "आत्ती, मला घोडीच्या जवळ जायला भ्या वाटतं."

"म्हनूनच. मला नवी नवरी म्हनून वाड्यात आनली तवा सासूनं पयल्याच दिशी पुढल्या घोडीची दोरी दिली. जी बाई भिती तिला पुढं घालायचं. मागं ऱ्हायली की ती वळून वळून बगती. पुढं आसली की म्होरची वाट बगती."

"आये, तिला चालायची सवय नाही," रविराज म्हणाला.

"तुला बी येऊ दे की संगं. मास्तर हाईस, कोकरं मोज."

क्रांतीने घोड्यांकडे पाहिले. पांढरी घोडी शेपटीने माशा वारत उभी होती. "चावते का ती?" तिने विचारले. सिद्धूला तेवढ्यावर कळले, की ही येणार. दुपारभर तो तिला, न विचारता, घोडीची खोड सांगत राहिला.

उन्हे उतरल्यावर दोघी जावा बॅग भरायला बसल्या. प्रवासाला अजून दिवस होते, पण बॅग आली होती आणि ती भरून बघायचा मोह दोघींनाही आवरला नाही. सिद्धू घोंगडी उचलू लागला. "ही घोडीच्या पाठीवर झ्याक बसंल."

"हात लावू नगा," मंगल म्हणाली. तिने घोंगडीची घडी घातली आणि बॅगेच्या तळाशी ठेवली. घडी जाडजूड झाली, पण बरोबर बसली.

"आता ऐका," क्रांती मांडी ठोकून बसली. "ती चिडली की बोलत नाही, नखं खाते. तेव्हा काही विचारायचं नाही, डोक्याला तेल लावायचं. वरण घट्ट लागतं तिला. आणि झोपताना—"

मंगलने तिच्या तोंडावर हात ठेवला. खरखरीत, ठसे न उमटणारा हात.

"नगं सांगू," ती म्हणाली. "समदं तूच सांगितलंस, तर मी तिला इचारू काय?"